रक्तात नेमकं काय असतं? – किहीमची सुगरण, गावाचं आडनाव आणि डीएनए

घटक : आनुवंशिकता (इयत्ता 9 वी व 10 वीसाठी पूरक वाचन)



आजचा पाठ माझ्याच एका चुकीतून सुरू झाला आहे, म्हणून आधी ती सांगतो.

आमच्या शाळेचं व्हॉलीबॉलचं जाळं फाटलं होतं. नववीतला एक मुलगा, कोळीवाड्यातला, पुढे आला. दोऱ्याचा तुकडा घेतला आणि दहा मिनिटांत अशा काही गाठी मारल्या की कुठे फाटलं होतं ते शोधून सापडेना. मी खूश होऊन म्हणालो, "वा रे वा! हे तर तुमच्या रक्तातच आहे!" तो हसला नाही. थोडा वेळ थांबून म्हणाला, "सर, मग गणित माझ्या रक्तात नाय, म्हणून येत नाय का मला?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. आपण किती सहज बोलतो बघा! 'व्यापार त्यांच्या रक्तात', 'गाणं त्यांच्या रक्तात', 'अभ्यास यांच्या रक्तातच नाही'. पण रक्तात, म्हणजे शरीरात, आईवडिलांकडून आलेली माहिती नेमकी कुठे असते? कोणत्या स्वरूपात असते? आणि त्या माहितीत काय काय मावतं? हे तीन प्रश्न आज आपण सोडवू.

1) आधी रक्तच तपासू

आनुवंशिक माहिती ज्या रेणूत साठवलेली असते, त्याला डीएनए म्हणतात. हा डीएनए पेशीच्या केंद्रकात, गुणसूत्रांमध्ये असतो. थोडासा तंतुकणिकेतही असतो. हे तुम्हाला माहीत आहे.

आता गंमत ऐका. माणसाच्या रक्ताला लाल रंग देणाऱ्या तांबड्या पेशी पूर्ण वाढल्यावर त्यांच्यात केंद्रक उरत नाही आणि तंतुकणिकाही उरत नाहीत. म्हणजे त्यांच्यात डीएनए नसतोच! रक्ताच्या थेंबातून डीएनए तपासतात तो मुख्यतः पांढऱ्या पेशींमधला. आणि साधारण 600 ते 700 तांबड्या पेशींमागे एखादी पांढरी पेशी असते.

पक्षी आणि मासे यांच्या तांबड्या पेशींत मात्र केंद्रक असतं. म्हणजे बांगड्याच्या तांबड्या पेशीत डीएनए आहे आणि बांगडा पकडणाऱ्याच्या तांबड्या पेशीत नाही. तेव्हा 'रक्तात आहे' हे वाक्य माणसापेक्षा पाखराला जास्त लागू पडतं. त्या पाखराकडे आपण पुढे येणारच आहोत.

2) रेणूत माहिती साठते म्हणजे काय होतं?

'कमल' आणि 'कलम' हे दोन शब्द लिहा. अक्षरं तीच आहेत, फक्त क्रम बदलला. पण अर्थ? एक फूल, दुसरी लेखणी. म्हणजे माहिती नुसत्या अक्षरांत नसते, ती अक्षरांच्या क्रमात असते. डीएनएचं सगळं रहस्य या एका वाक्यात आहे.

डीएनएची वर्णमाला फक्त चार अक्षरांची आहे. अ‍ॅडेनीन (ए), थायमीन (टी), ग्वानीन (जी) आणि सायटोसीन (सी). ही चार नत्रयुक्त रसायनं एका लांब साखळीत एकापुढे एक बसलेली असतात. साखळीचा कणा साखर आणि फॉस्फेटचा. तो सगळीकडे सारखाच, त्यामुळे त्यात काही संदेश नाही. संदेश आहे तो ए, टी, जी, सी यांच्या क्रमात.

चारच अक्षरांत किती माहिती मावणार, असं वाटेल. हिशेब करू. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे 320 कोटी अक्षरं असतात. एका पानावर 2000 अक्षरं छापली तर 16 लाख पानं होतील. 400 पानांचं एक पुस्तक धरलं तर 4000 पुस्तकं! आणि असे दोन संच, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, तुमच्या बहुतेक प्रत्येक पेशीत आहेत. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे 2 मीटर भरतो. तो बसतो मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात.

3) नक्कल कशी होते?

माहिती नुसती साठवून उपयोग नाही, ती पुढे गेली पाहिजे. पेशीचं विभाजन होताना दोन्ही पेशींना पूर्ण माहिती कशी मिळते?

डीएनएची साखळी एकेरी नसते, दुहेरी असते. दोन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि त्यांच्यातल्या जोड्या ठरलेल्या असतात. एसमोर टी, जीसमोर सी. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत 1952 मध्ये क्ष-किरणांनी डीएनएची स्पष्ट छायाचित्रं घेतली गेली. त्यांचा आधार मिळाल्यावर जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी एप्रिल 1953 मध्ये या दुहेरी साखळीची रचना प्रसिद्ध केली.

आता जोड्या ठरलेल्या असण्याचा फायदा बघा. समजा एका बाजूला 'एटीजीसी' आहे. मग समोर काय असणार? 'टीएसीजी'. दुसरं काही असूच शकत नाही. म्हणजे दोन साखळ्या सुट्या केल्या की प्रत्येक साखळी आपल्या जोडीदारणीचा साचा बनते. एका दुहेरी साखळीच्या दोन होतात आणि प्रत्येकीत एक बाजू जुनी, एक नवी. असंच घडतं हे मेसेल्सन आणि स्टाल यांनी 1958 मध्ये प्रयोगाने दाखवून दिलं.

आपल्या बागेतलं उदाहरण घ्या. हापूसची कोय लावली तर येणारं झाड आईसारखं फळ देईलच असं नाही, कारण कोयीत दोन झाडांची माहिती एकत्र आलेली असते. पण हापूसचं कलम केलं तर फांदीचा डीएनए तोच राहतो. म्हणून फळही तेच. आपले बागायतदार डीएनए हा शब्द जन्माला येण्याआधीपासून हे करत आले आहेत.

नक्कल करताना चुका होतात का? होतात. पेशीमध्ये तपासणीची आणि दुरुस्तीची व्यवस्था असते, त्यामुळे बहुतेक चुका सुधारल्या जातात. तरी काही राहतात. आईवडिलांपैकी कुणातच नव्हते असे साधारण 60 ते 70 नवे बदल प्रत्येक बाळात असतात. यांनाच उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेकांनी काहीच फरक पडत नाही. पण हे बदल पुढच्या पिढीत तसेच उतरतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पाचव्या मुद्द्यात लागणार आहे.

4) माहिती वाचली कशी जाते? (सुगरण काय सांगते?)

डीएनए केंद्रकात राहतो आणि प्रथिनं बनतात केंद्रकाबाहेर, रायबोझोमवर. म्हणून आधी डीएनएच्या एका भागाची प्रत काढली जाते. ही प्रत म्हणजे एम-आरएनए. आरएनएमध्ये टीऐवजी युरॅसिल (यू) असतं. या पायरीला प्रतिलेखन म्हणतात. मग रायबोझोम ही प्रत तीन-तीन अक्षरांच्या गटाने वाचतं. तीन अक्षरांचा एक गट म्हणजे एक कोडॉन आणि एका कोडॉनमागे एक अमिनो आम्ल. या पायरीला भाषांतरण म्हणतात. अमिनो आम्लांची माळ झाली की तिची घडी पडते आणि प्रथिन तयार होतं.

चार अक्षरांचे तीन-तीनचे गट किती? 4 × 4 × 4 = 64. त्यातले 61 अमिनो आम्लांसाठी आणि 3 'इथे थांबा' सांगणारे. कोणता कोडॉन कोणत्या अमिनो आम्लासाठी, हे उलगडणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये डॉ. हरगोविंद खोराना होते. 1968 मध्ये निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

एका अक्षराने काय होतं त्याचं उदाहरण आपल्या राज्यातलंच आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आजाराचे रुग्ण बरेच आहेत. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात 'जीएजी'चं 'जीटीजी' झालं, म्हणजे एका एच्या जागी टी आला. त्यामुळे 146 अमिनो आम्लांच्या माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसतं. आईवडील दोघांकडूनही असं जनुक आलं तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. एकाकडूनच आलं तर तो माणूस वाहक असतो, बहुधा त्याला त्रास होत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. म्हणून लग्नाआधी पत्रिकेपेक्षा ही रक्ततपासणी जास्त महत्त्वाची!

आता एक प्रश्न. डीएनएवरून प्रथिन बनतं हे समजलं. मग पाखराला घरटं विणण्याची 'माहिती' कुठे असते?

हा प्रश्न विचारायला किहीमइतकी चांगली जागा नाही. डॉ. सालीम अली 1930 मध्ये नोकरी गेल्यावर किहीमला येऊन राहिले होते. त्या पावसाळ्यात घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ते तासन् तास निरीक्षण करत बसले. आपण या पक्ष्याला 'सुगरण' असं बाईचं नाव दिलं, पण विणकाम करतो तो नर! पिवळ्या टोपीचा नर पातींचे लांब धागे काढतो आणि टांगतं घरटं विणायला घेतो. घरटं अर्धं झालं की मादी पाहायला येते. तिला पसंत पडलं तर पुढचं विणकाम आणि लांब नळी पूर्ण होते. नाही पडलं तर ते तसंच लोंबकळत राहतं. एक मादी आत अंड्यांवर बसली की हा गडी दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. या पक्ष्याचं असं कुटुंबजीवन किहीमच्या त्या निरीक्षणांतून उलगडलं.

प्रत्येक पिढीतला सुगरण नर तशाच आकाराचं घरटं विणतो. मग डीएनएत घरट्याचा नकाशा आहे का? नाही. डीएनएत चित्र नसतं. प्रथिनं कोणती, कधी आणि किती बनवायची, एवढंच त्यात असतं. त्यातून चोच, स्नायू, मेंदू घडतो. त्या मेंदूत हिरवी पात दिसली की ती फाडावी, गुंडाळावी, ओवावी अशी ओढ असते. पण ओढ म्हणजे कसब नाही. निकोलस आणि एल्सी कोलियास या शास्त्रज्ञ दांपत्याने सुगरणीच्या आफ्रिकी भाऊबंदांवर प्रयोग केले. काही पिल्लांना वाढत्या वयात विणायला पातीच मिळू दिल्या नाहीत. ती मोठी झाल्यावर पाती दिल्या, तर त्या नरांना धड पात फाडताही येईना. सरावाने मग हळूहळू जमायला लागलं.

म्हणजे बघा, ज्याच्या तांबड्या पेशीतसुद्धा डीएनए आहे, त्या पाखरालाही सराव चुकत नाही!

5) डीएनए काय वाहून नेतो आणि काय नेत नाही?

किहीमपासून जवळच नवगाव आहे. बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचा वंश कोकणात वाढला. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. त्यांनी आडनावं घेतली ती आपल्याच गावांची. नवगावकर, थळकर, झिराडकर, आवासकर आणि आपले किहीमकर! या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर हे त्यातलेच. त्यांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेलं पुस्तक 1937 मध्ये छापलं गेलं.

शेकडो वर्षं ही गोष्ट तोंडी चालत आली. दुसरीकडे, प्रत्येकाच्या पेशीत आणखी एक नोंद शांतपणे चालत आली होती. ती कशी वाचतात?

• वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जातं, जवळजवळ जसंच्या तसं. आपल्या आडनावासारखं!
• तंतुकणिकेतला डीएनए आईकडून सगळ्या मुलांकडे जातो. त्यात 16,569 अक्षरजोड्या असतात. आईच्या आईच्या आईचं नाव आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल, पण तिचा हा डीएनए आपल्यात आहे.
• बाकीचा डीएनए दोघांकडून येतो आणि प्रत्येक पिढीत त्याचे तुकडे होऊन मिसळतात. जितक्या जास्त पिढ्या, तितके तुकडे लहान. म्हणून तुकड्यांच्या लांबीवरून दोन समाज किती पिढ्यांपूर्वी मिसळले त्याचा अंदाज बांधता येतो.

आणि तिसऱ्या मुद्द्यातले ते लहान लहान बदल आठवतात ना? कुणाशी आपले कोणते बदल जुळतात, यावरून नातं कळतं.

2016 मध्ये बेने इस्रायलींच्या डीएनएचा एक सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या यहुदींचा आणि भारतीयांचा, दोघांचाही मोठा वाटा आहे. यहुदी वाटा पुरुषांकडून जास्त आणि स्थानिक वाटा स्त्रियांकडून जास्त आला. आणि हे मिसळणं साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वी झालं. म्हणजे समुद्रापलीकडून कुणी आलं होतं, या आठवणीला रेणूंनी दुजोरा दिला. पण त्याचबरोबर जी गोष्ट सांगितली जात नव्हती तीही कळली : या समाजाच्या कितीतरी आज्या-पणज्या इथल्याच होत्या.

इथे एक सावधगिरी हवी. मिसळण्याचा काळ म्हणजे किनाऱ्यावर येण्याचा काळ नव्हे. आणि गलबत फुटलं का, किती जण वाचले, हे डीएनए सांगू शकत नाही. पुरावा जेवढं सांगतो तेवढंच घ्यायचं.

आता माझा मुख्य मुद्दा. याच समाजाच्या डीएनएत घाणा चालवण्याचं कसब सापडलं का? शनिवारची सुट्टी सापडली का? मराठी भाषा सापडली का? किहीमकर हे आडनाव सापडलं का? नाही. ते सगळं घरात, ओटीवर, कामावर, एकाने दुसऱ्याला शिकवत पुढे आलं. आज या समाजातले बहुतेक लोक इस्रायलमध्ये राहतात. जुन्या पिढीच्या तोंडी अजून मराठी आहे, ती शिकवली गेली म्हणून. आनुवंशिकता आणि परंपरा हे दोन वेगळे वारसे आहेत. पहिला रेणूंतून येतो आणि आपण तो निवडू शकत नाही. दुसरा माणसांकडून येतो आणि त्यात भर घालता येते.

6) मग गणिताचं काय?

शिकण्याच्या क्षमतेवर जनुकांचा काहीच परिणाम होत नाही, असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. पण 'गणिताचं जनुक' असं एकही नाही. डीएनएत हजारो ठिकाणी असलेल्या बारीक फरकांचा प्रत्येकी कणभर परिणाम होतो. त्यात आहार, झोप, घरची परिस्थिती, शिकवणारा आणि सराव यांची भर पडते. कुणाच्या आजोबांनी काय काम केलं, यावरून त्याला कोणता विषय येईल हे सांगता येत नाही. आजोबांनी आयुष्यभर जाळी विणली म्हणून नातवाच्या डीएनएत त्याचं अक्षर उमटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला विचारलं, "जाळं विणायला कधी शिकलास?"

"चौथीत होतो. आजोबांच्या बाजूला बसायचो. पहिल्यांदा सगळ्या गाठी सुटायच्या."

"मग?"

"मग ते परत मारायला लावायचे. ओरडायचे नाय पण."

मी वर्गासमोर माझं आदल्या दिवशीचं वाक्य मागे घेतलं. गणितात त्याच्या गाठी सुटत होत्या, तेव्हा 'परत मार' म्हणत शेजारी बसणारं कुणी नव्हतं. ते काम रेणूंचं नाही, माझं आहे. आता आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर आम्ही बसतो. अपूर्णांक झाले, बैजिक राशी चालू आहेत. गाठी अजून सुटतात, पण कमी.

करून पाहा : पांढऱ्या कांद्याचा डीएनए

(मोठ्या माणसांसोबतच करा. स्पिरिट पेट घेतं, जवळ गॅस किंवा मेणबत्ती नको.)

1. अलिबागचा अर्धा पांढरा कांदा किसून घ्या.
2. एक कप पाण्यात एक चमचा मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड हलकेच मिसळा, फेस करू नका.
3. त्यात कीस घालून 10 मिनिटं ठेवा. लिक्विडमुळे पेशींची पटलं फुटतात.
4. स्वच्छ फडक्यातून गाळून ते पाणी काचेच्या ग्लासात दोन बोटं घ्या.
5. फ्रीजमध्ये गार केलेलं स्पिरिट तेवढंच, ग्लासच्या कडेने हळूच सोडा.
6. काही मिनिटांत दोन्ही थरांच्या मध्ये पांढरट, चिकट तंतू दिसतील. त्या गुंत्यात असंख्य पेशींचा डीएनए आहे, सोबत थोडी प्रथिनंही.

थोडक्यात

• आनुवंशिक माहिती डीएनएतल्या चार अक्षरांच्या क्रमात साठवलेली असते.
• एसमोर टी आणि जीसमोर सी, या ठरलेल्या जोड्यांमुळे नक्कल होते.
• डीएनए → एम-आरएनए → प्रथिन, या मार्गाने माहिती वाचली जाते.
• नकलेतले बदल पुढे उतरतात, म्हणून डीएनए पूर्वजांची नोंदही ठेवतो.
• कसब, भाषा, व्यवसाय डीएनएत लिहिलेले नसतात.

स्वाध्याय

1. 'टीएजीजीसीए' या साखळीसमोरची साखळी लिहा.
2. कोय आणि कलम यांतला फरक डीएनएच्या भाषेत सांगा.
3. माणसाच्या रक्तातला डीएनए कोणत्या पेशींमधून मिळतो? का?
4. घरी विचारून आईकडच्या बाजूने (आई, आजी, पणजी...) किती नावं सांगता येतात ते लिहा. या सगळ्यांकडून तुमच्यात कोणता डीएनए आला?
5. तुम्हाला चांगलं जमणारं एक काम निवडा. ते कुणी शिकवलं आणि जमायला किती दिवस लागले, ते पाच ओळींत लिहा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरं वर्गात वाचून दाखवा. मला ती ऐकायची आहेत.